पिंपातले पाणी आणि डॉक्टर रॉस

आनेकल तालुक्यात बन्नेरघट्ट्याच्या जंगलात कॅडेट्सची सहल जायची ठरली की पालकांचे फोन सुरू होतात. पहिला प्रश्न हत्तींचा असतो, दुसरा बिबट्याचा. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. नाचणीचे पीक तयार झाले की याच जंगलातले हत्ती रात्री आसपासच्या शेतांत उतरतात, हे तिथला प्रत्येक शेतकरी सांगेल. पण मी शाळेच्या एम. आय. रूममध्ये काम करतो आणि सहलीला जाणाऱ्यांची यादी माझ्या टेबलावरून पुढे जाते. ती यादी हातात आली की माझ्या डोळ्यांपुढे येतो तो प्राणी जेमतेम दोन-अडीच मिलिग्रॅम वजनाचा असतो. हत्तीपासून आपल्याला वनखात्याची जाळी, चर आणि बंद गाडी वाचवते. डासापासून वाचवायला कोणी येत नाही. ते काम ज्याचे त्यानेच करायचे असते.

हे काम करायला जगाला शिकवणारा माणूस सैन्यातलाच एक डॉक्टर होता, आणि त्याचा पहिला धडा बन्नेरघट्ट्यापासून फार लांब नाही, बंगळूरच्या छावणीत झाला. म्हणून या अंकात मी सर रोनाल्ड रॉस यांची हकीकत सांगणार आहे. कॅडेट्सनी ती वाचावी आणि सहलीची पिशवी भरताना आठवावी, एवढीच अपेक्षा आहे.

रॉस यांचा जन्म १३ मे १८५७ रोजी हिमालयाच्या कुशीत अल्मोड्याला झाला. उठावाचे दिवस होते. वडील ब्रिटिश हिंदुस्थानी सैन्यात अधिकारी होते आणि पुढे जनरल झाले. दहा भावंडांत रोनाल्ड थोरला. आठ वर्षांचा झाल्यावर त्याला शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवले. घरापासून लांब राहून शिकणे म्हणजे काय, हे आपल्या कॅडेट्सना वेगळे सांगायला नको. त्याचे मन चित्रकलेत, संगीतात, कवितेत आणि गणितात रमायचे. डॉक्टर होण्याची त्याला मुळीच हौस नव्हती. पण वडिलांची इच्छा होती की मुलाने वैद्यकीय सेवेतून हिंदुस्थानात यावे, म्हणून लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात त्याचे नाव घातले गेले.

अभ्यासात मन नसले की जे होते तेच झाले. सैन्याच्या वैद्यकीय सेवेत जायला लागणाऱ्या एका परीक्षेत ते नापास झाले. मग काही काळ त्यांनी लंडन-न्यूयॉर्क मार्गावरच्या जहाजांवर डॉक्टर म्हणून नोकरी केली, पुन्हा परीक्षेला बसले आणि पास झाले. १८८१ मध्ये ते इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल झाले आणि मद्रास इलाख्यात आले. पुढे नोबेल पारितोषिक मिळवणारा हा माणूस चोविसाव्या वर्षापर्यंत कोणाच्याही डोळ्यांत भरण्यासारखा नव्हता. ज्या कॅडेटचे गुण या सत्रात कमी आले असतील त्याने ही ओळ दोनदा वाचावी.

१८८३ मध्ये रॉस यांची बंगळूरला हंगामी गॅरिसन सर्जन म्हणून नेमणूक झाली. राहायला बंगला चांगला होता, हवा थंड होती, पण खोलीत डासांनी जीव नकोसा केला. विशेष म्हणजे त्यांच्या खोलीत डास जास्त आणि इतरांकडे कमी. दुसरा कोणी असता तर नशिबाला दोष देऊन झोपला असता. रॉस यांनी शोध घेतला. खिडकीखाली पाण्याचे एक पिंप ठेवलेले होते आणि त्या पाण्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. त्यांनी पिंप उपडे केले. काही दिवसांत खोलीतले डास कमी झाले.

औषध नाही, धूर नाही, फक्त पाणी ओतून दिले. साहेबांना आनंद झाला आणि त्यांनी ही गोष्ट छावणीच्या ॲडज्युटंटला सांगितली. इतर ठिकाणी साचलेले पाणीही काढून टाकावे, अशी सूचना केली. ॲडज्युटंटने ती धुडकावली. देवाने डास केले आहेत तर काही हेतूने केले असतील, निसर्गाच्या व्यवस्थेत आपण हात घालू नये, अशा अर्थाचे त्याचे म्हणणे होते. डास आणि ताप यांचा काही संबंध असेल, हे तेव्हा रॉस यांनाही ठाऊक नव्हते. मलेरिया दलदलीतल्या दूषित हवेने होतो, असेच त्या काळचे बहुतेक डॉक्टर मानत. त्या शब्दाचा इटालियन अर्थच मुळी वाईट हवा असा आहे.

या गोष्टीतला ॲडज्युटंट मला नेहमी आठवतो. तो दुष्ट नव्हता. त्याला ते काम क्षुल्लक वाटले, एवढेच. कुंडीखालची बशी, गच्चीवरचा टायर, कूलरमधले पाणी ही कामे आजही सगळ्यांना क्षुल्लक वाटतात. अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा साचलेले पाणी ओतून भांडे घासून कोरडे करायचे, हा कोरडा दिवस पाळण्यामागचा सगळा हिशेब आहे. रॉस यांच्या पिंपानेच तो शिकवला.

पुढे ब्रह्मदेशातली लढाई, अंदमान, वेगवेगळ्या छावण्या अशी त्यांची नोकरी चालली. रजेवर इंग्लंडला गेले असता त्यांनी सार्वजनिक आरोग्याची पदविका घेतली, जंतुशास्त्र शिकून घेतले, लग्न केले. परत आल्यावर मात्र मलेरियाने त्यांना अस्वस्थ केले. बराकीत जवान फणफणत पडलेले, आणि कारण कोणालाच माहीत नाही.

एक धागा मात्र हाती आला होता. १८८० मध्ये अल्जीरियात आल्फोन्स लाव्हरां या फ्रेंच सैन्यातल्या डॉक्टरने एका आजारी सैनिकाच्या रक्तात मलेरियाचे परजीवी पाहिले होते. रॉस यांनी हिंदुस्थानात प्रयत्न करून पाहिला, पण त्यांना ते दिसेनात, आणि लाव्हरां यांचे म्हणणे खरे नसावे असे त्यांना वाटू लागले. १८९४ मध्ये लंडनला पॅट्रिक मॅन्सन या अनुभवी डॉक्टरांनी त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली ते परजीवी दाखवले तेव्हा शंका फिटली. मॅन्सन यांचा तर्क असा होता की हा परजीवी माणसाच्या शरीराबाहेरचा प्रवास डासाच्या पोटात करत असावा. तर्क तर्कच होता. तो सिद्ध कोणी करायचा? रॉस यांनी ते काम अंगावर घेतले आणि १८९५ मध्ये ते सिकंदराबादच्या छावणीत परतले.

यापुढची दोन वर्षे वाचताना दमछाक होते. रुग्णाला डास चाववायचे, डास जिवंत ठेवायचा, मग सुईने त्याचे पोट उघडून सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पेशी तपासायची. दख्खनचा उन्हाळा, आणि पंखा लावायची सोय नाही, कारण वाऱ्याने फाडलेले डास उडून जातील. कपाळाच्या घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले. शेकडो डास तपासून हाती काही लागेना. अडचण अशी होती की ते ज्या जातींचे डास घेत होते त्यांच्या शरीरात माणसाचा मलेरिया वाढतच नाही. पण हे कळायला एकच मार्ग होता, तपासत राहणे.

मध्येच हुकूम आला. बंगळूरला पटकीची साथ आली होती, रॉस यांनी तिकडे जावे. सप्टेंबर १८९५ मध्ये ते पुन्हा बंगळूरला आले आणि शहराच्या स्वच्छतेची घडी बसवण्याच्या कामाला जुंपले गेले. विहिरी, गटारे, गल्लीबोळ. मलेरियाचे काम जवळजवळ थांबले. त्यांना त्याचे वाईट वाटले, पण हुकूम तो हुकूम. मला वाटते, हे दिवस वाया गेले नाहीत. रोग दवाखान्यात येण्याआधी रस्त्यावर आणि पाण्यात असतो, हे त्यांनी इथे पायी फिरून पाहिले.

बंगळूरच्या या काळातच रजा घेऊन ते निलगिरीकडे गेले. उटीच्या खाली सिगूरचा घाट आहे. तो भाग मलेरियासाठी कुप्रसिद्ध होता. रॉस मुद्दाम तिथे गेले, काळजी म्हणून क्विनीनही घेत होते. तरीही मलेरियाने त्यांना गाठलेच. आज त्या घाटाला लागून मुदुमलाईचे व्याघ्र अभयारण्य आहे आणि हजारो लोक तिथे वाघ-हत्ती पाहायला जातात. जंगलात जाणाऱ्या पाहुण्यांपैकी मलेरियाबद्दल सर्वात जास्त माहिती असलेला माणूसही आजारी पडला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. माहिती डोक्यात असून भागत नाही. ती बाहीवर, मोज्यावर आणि मच्छरदाणीच्या काठावर दिसावी लागते.

जून १८९७ मध्ये ते सिकंदराबादला परतले. तो उन्हाळा मराठी माणसाला वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. पुण्यात प्लेगने थैमान घातले होते, तपासणीच्या नावाखाली गोरे सोजीर घराघरांत शिरत होते, आणि २२ जूनला रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. रोगाशी लढताना लोकांचा विश्वास गमावला की काय होते, ते पुण्याने पाहिले. त्याच दिवसांत काही शे मैलांवर एक मेजर हुद्द्याचा डॉक्टर एकटाच, कोणाच्या घरात न शिरता, डासाच्या पोटात शिरायचा प्रयत्न करत होता.

ऑगस्टमध्ये त्यांच्या मदतनिसांनी वेगळ्याच डासाच्या अळ्या आणल्या. त्यांतून निघालेल्या डासांच्या पंखांवर ठिपके होते. हा ॲनोफिलिस. १६ ऑगस्टला हुसेन खान नावाच्या मलेरियाच्या रुग्णाला हे डास चाववले. त्याला एका डासामागे एक आणा मिळाला. पुढच्या दिवसांत काही डास मेले, काही तपासण्यात गेले. २० ऑगस्ट १८९७ च्या दुपारी, शेवटच्या दोन-तीन डासांपैकी एकाच्या पोटाच्या भिंतीवर रॉस यांना गोल पेशी दिसल्या, आणि त्यांच्यात मलेरियाच्या परजीवीचे ते ओळखीचे काळे रंगकण होते. दुसऱ्या दिवशी आणखी एक डास उघडला, तर त्या पेशी मोठ्या झालेल्या. म्हणजे परजीवी डासात वाढत होता. मॅन्सन यांचा तर्क खरा ठरला. म्हणूनच २० ऑगस्ट हा दिवस जगभर डास दिन म्हणून पाळतात. हुसेन खान पुढे काय झाला ते इतिहासाने फारसे सांगितलेले नाही, पण त्याच्या हातावरच्या त्या चाव्यांचे ऋण मोठे आहे.

एवढ्यावर काम संपायचे नव्हते. परजीवी डासाच्या पोटात गेला, पण तो माणसात परत येतो कसा? हे शोधणार तोच बदली झाली, राजपुतान्यात खेरवाड्याला, जिथे मलेरियाचे रुग्ण फारसे नव्हते. काही महिने हात चोळत बसावे लागले. मग १८९८ च्या सुरुवातीला कलकत्त्याला काम करायची परवानगी मिळाली. माणसांवर प्रयोग करणे जमेना म्हणून त्यांनी पक्ष्यांचा मलेरिया निवडला. महंमद बक्ष हा मदतनीस बरोबर होता. जुलै १८९८ मध्ये त्यांना डासाच्या लाळग्रंथींत ते परजीवी सापडले, आणि अशा डासांनी निरोगी चिमण्यांना चावल्यावर चिमण्या आजारी पडल्या. साखळी जुळली. डास रक्त पिताना लाळ सोडतो आणि लाळेबरोबर रोग सोडतो. त्याच वर्षी इटलीत ग्रासी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या बाबतीत ॲनोफिलिसचा हाच मार्ग दाखवून दिला.

१८९९ मध्ये रॉस यांनी सेवा सोडली आणि लिव्हरपूलच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेत शिकवू लागले. सिएरा लिओन, सुएझ कालव्याकाठचे इस्माइलिया, मॉरिशस अशा ठिकाणी जाऊन त्यांनी डबकी बुजवणे, चर काढणे, पाणी वाहते करणे यांची मोहीम उभी केली. १९०२ मध्ये त्यांना वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. ते मिळवणारे ते पहिले ब्रिटिश. १९०७ मध्ये लाव्हरां यांनाही तो मान मिळाला. मलेरियाच्या या दोन्ही शोधांमागे सैन्यातलेच डॉक्टर होते, हे या शाळेच्या अंकात मुद्दाम नोंदवतो.

स्वभावाने रॉस सोपे नव्हते. श्रेय कोणाचे यावरून ग्रासींशी त्यांनी कडवट भांडण केले आणि ते वर्षानुवर्षे चालवले. सरकारने आपल्या कामाची कदर केली नाही, ही खंत शेवटपर्यंत होती. उतारवयात त्यांनी आपली कागदपत्रेही विकली. १६ सप्टेंबर १९३२ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या थोरवीला या गोष्टीने उणेपणा येत नाही. मोठी माणसेही माणसेच असतात, हे कॅडेट्सना लवकर कळलेले बरे.

त्यांच्या आयुष्यातली मला सर्वात मोलाची वाटणारी गोष्ट मात्र नोबेलनंतरची आहे. लहानपणीचे आवडते गणित त्यांनी मलेरियाला लावले आणि दाखवून दिले की रोग थांबवायला प्रत्येक डास मारावा लागत नाही. डासांची संख्या आणि चावण्याचे प्रमाण एका मर्यादेखाली आणले की रोग आपोआप ओसरतो. त्या काळी लोक म्हणत, इतके डास कुठवर मारणार? रॉस यांचे उत्तर आकड्यांत होते. प्रत्येक टळलेला चावा हिशेबात धरला जातो.

सैन्याने हा धडा जबर किंमत देऊन गिरवला. १९४३ मध्ये ब्रह्मदेशच्या आघाडीवर एका जखमी जवानामागे सुमारे १२० जवान आजारपणामुळे मागे पाठवावे लागत होते, आणि त्यांत मलेरियाचा वाटा मोठा होता. मराठा लाइट इन्फंट्रीचे जवानही त्या आघाडीवर होते. जनरल स्लिम यांनी मलेरियाच्या गोळ्या घेतल्या जातात की नाही याची अचानक तपासणी सुरू केली आणि ज्या पलटणीत हयगय दिसली तिच्या कमांडिंग ऑफिसरला जबाबदार धरले. तीन अधिकाऱ्यांना पदावरून काढल्यावर बाकीच्यांना अर्थ कळला. डासापासून बचाव हे डॉक्टरचे काम राहिले नाही, ते शिस्तीचे काम झाले.

आता आपल्या सहलीकडे येतो. बन्नेरघट्टा १९७४ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. सुवर्णमुखीचा ओढा त्यातून वाहतो, झाडी दाट आहे आणि बंगळूरकडचा पाऊस मे महिन्यापासून नोव्हेंबरपर्यंत येत-जात राहतो. अशा जंगलात पाणी कुठे कुठे साचते ते पाहा. हत्तीच्या पावलाच्या खळग्यात, झाडाच्या ढोलीत, तुटलेल्या बांबूच्या नळीत, खडकाच्या खोबणीत. या प्रत्येक ठिकाणी डास अंडी घालू शकतो. मग रॉस यांचे पिंप इथे उपडे करता येईल का? येणार नाही. करायचेही नाही. त्या पाण्यावर बेडूक, चतुर आणि मासे जगतात आणि तेच डासांच्या अळ्या खातात. याच उद्यानात फुलपाखरांचे मोठे घर आहे. तिथे धूर आणि कीटकनाशक मारले तर डासांबरोबर फुलपाखरेही जातील. घरातले आणि छावणीतले पाणी आपले, ते ओतायचे. जंगलातले पाणी जंगलाचे, तिथे स्वतःला झाकायचे. हा फरक पक्का करा.

एक पाणी मात्र जंगलातही आपलेच असते. शहाळे पिऊन फेकलेली करवंटी, चहाचा कागदी पेला, चिप्सची उघडी पिशवी. पहिल्या पावसात ती भरते आणि आठवड्याभरात तिच्यातून डेंग्यूचा डास उडतो. हा डास पाहुण्यांनीच वाढवलेला असतो. आपली तुकडी निघताना कचऱ्याची पिशवी परत आणते ती निव्वळ टापटिपीसाठी नव्हे.

आज बंगळूरच्या आसपास मलेरियापेक्षा डेंग्यूचे रुग्ण जास्त आढळतात, चिकनगुन्याही असतो. डेंग्यूचा एडिस डास पायांवर पांढरे पट्टे असलेला, दिवसा चावणारा, सकाळी आणि दुपार कलल्यावर जास्त. मलेरियाचा ॲनोफिलिस संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो. जपानी मेंदूज्वर पसरवणारे क्युलेक्स जातीचे डासही रात्रीचेच. म्हणजे जंगलात बचावाला सुट्टीची वेळ नाही.

म्हणून सहलीला निघताना मी फॉलइनमध्ये प्रत्येकाला तपासतो. पूर्ण बाह्यांचा सैल शर्ट, फिकट रंगाचा. तंग कपड्यातून डास सहज चावतो आणि गडद रंगाकडे तो ओढला जातो. पँट मोज्यात खोचलेली. सूर्यास्तानंतर बाह्या खाली, कितीही उकडले तरी. उघड्या राहिलेल्या त्वचेवर, म्हणजे मान, कान, मनगटे आणि घोटे यांवर, डीट किंवा पिकारिडीन असलेले मलम. डीटचे प्रमाण वीस ते तीस टक्के असेल तर ते काही तास टिकते. घाम आला, तोंड धुतले की पुन्हा लावायचे. उन्हाचे मलम लावणार असाल तर ते आधी, डासाचे नंतर. डोळे, ओठ आणि जखम टाळायची, कपड्याच्या आत लावायचे नाही. बरोबर लहान भावंडे असतील तर पालकांनी स्वतःच्या हाताने लावावे आणि मुलांच्या तळहाताला लावू नये, कारण तो हात तोंडात जातो. मुक्काम असेल तर औषध लावलेली मच्छरदाणी, आणि तिचे काठ गादीखाली खोचलेले. एक बोट आत जाईल एवढी फट डासाला दरवाजासारखी असते.

याहून महत्त्वाची गोष्ट परत आल्यानंतरची आहे. डास चावला आणि संध्याकाळी ताप आला असे होत नाही. डेंग्यूचा ताप साधारण चार ते दहा दिवसांनी येतो. मलेरियाला किमान आठवडा लागतो, कधी महिना, एखाद्या प्रकारात त्याहूनही जास्त. तोपर्यंत सहल विसरलेली असते. मागे एका सत्रात सहलीनंतर लगेच सुट्टी लागली. एक कॅडेट गावी गेला आणि सहाव्या दिवशी तापला. घरच्यांना वाटले, प्रवासाचा शीण असेल. त्याच्या आईने मात्र दवाखान्यात पहिलेच वाक्य जंगलात जाऊन आल्याचे सांगितले. डॉक्टरांनी त्याच दिवशी रक्त तपासले. डेंग्यू निघाला, वेळेत कळल्यामुळे मुलगा आठ-दहा दिवसांत हिंडूफिरू लागला. त्या माउलीचे नाव मी लिहीत नाही, पण सहलीच्या सूचनापत्रावर आता तिचे ते वाक्य आम्ही छापतो.

पालकांनी एवढे लक्षात ठेवावे. सहलीनंतर महिनाभरात ताप आला तर डॉक्टरांना जागेचे नाव आणि तारीख सांगा, रक्ततपासणी करून घ्या. डेंग्यू नाही हे कळेपर्यंत तापाला पॅरासिटामॉलच द्या. ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेनने रक्तस्रावाचा धोका वाढतो. पाणी, पेज, ताक देत राहा. डेंग्यूत ताप उतरला म्हणजे धोका टळला असे नसते, उलट ताप उतरतानाचे एक-दोन दिवस सांभाळण्याचे असतात. पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, नाका-हिरड्यांतून रक्त, विलक्षण गळून जाणे यांपैकी काही दिसले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा. मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्या मनाने घेऊ नका. कुठल्या भागात त्या लागतात आणि कोणाला द्यायच्या, ते डॉक्टर ठरवतात. आणि कॅडेट्सनी अंगात कसकस वाटली तर ती लपवून परेडला उभे राहू नये. ताप दडवणे शौर्यात मोजत नाहीत. सिक रिपोर्टला या.

पुढच्या सहलीची तुकडी निघण्याच्या आदल्या शनिवारी आपण वसतिगृहात कोरडा दिवस पाळणार आहोत. प्रत्येक हाऊसने आपल्या बादल्या, कुंड्यांच्या बश्या, कूलर आणि गच्चीवरचे पन्हाळ रिकामे करून घासायचे. एकशे चाळीस वर्षांपूर्वी बंगळूरच्या छावणीत एका तरुण डॉक्टरची सूचना क्षुल्लक म्हणून फेटाळली गेली होती. आपल्या शाळेत ती हुकूम म्हणून पाळली जाईल, अशी मला खात्री आहे.